नवागत स्थलांतरित आणि स्थानिक संस्थांचा निधी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावूर आणि कुंभकोणम या दोन शहरांच्या दरम्यान, पापनाशम हे तालुक्याचे ठिकाण आहे. (तिरुनेलवेली जिल्ह्यातील ताम्रपर्णी नदीवरील धरणाचे पापनाशम ते वेगळे.) गावाचा कारभार नगरपंचायतीकडे असून भोवतालच्या खेड्यांचा कारभार ग्रामपंचायतींकडे आहे. मेट्टूर धरणातून परंपरेने १२ जूनला पाणी सोडले जाते आणि त्यानंतर कुरुवै, सांबा व ताळडी या भातहंगामांची कामे एकामागून एक सुरू होतात. लावणीच्या दिवसांत येथे मजुरांची मोठी निकड भासते. स्थानिक तरुण शहरांकडे आणि अन्य व्यवसायांकडे वळल्यामुळे अलीकडच्या वर्षांत त्रिभुज प्रदेशातील जिल्ह्यांत पश्चिम बंगालमधून मजुरांच्या टोळ्या लावणीसाठी येऊ लागल्या आहेत. टोळी एका गावात काही दिवस राहते, एकरी दराने काम उरकते आणि पुढच्या गावाला जाते.

टोळीच्या श्रमामुळे लावणी वेळेवर होते व शेतकऱ्याचा हंगाम वाचतो. परंतु त्या मुक्कामात तिला पिण्याचे पाणी लागते, शौचालय लागते, कचरा उचलला जावा लागतो, आजारपणात दवाखाना लागतो. सोबत मुले असतील तर लसीकरण आणि शाळाही लागते. या सेवा पुरविण्याची जबाबदारी मुख्यतः स्थानिक संस्थांवर येते. मग त्यासाठीचा पैसा त्यांच्याकडे कोठून येतो? स्थानिक संस्थांची घटनात्मक रचना, वित्त आयोगांची सूत्रे, जनगणनेची पद्धत आणि करांचे अधिकार हे चारही विषय या एका प्रश्नात एकत्र येतात. त्यामुळे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी तो मुळातून समजून घेणे उपयुक्त ठरेल.

घटनात्मक चौकट

राज्यघटनेच्या कलम १९(१) मधील खंड (ड) व (इ) यांनुसार भारताच्या कोणत्याही भागात संचार करण्याचे व वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकाला आहे. आंतरराज्य स्थलांतर हा विषय संघसूचीतील ८१ व्या नोंदीत येतो. याउलट पाणीपुरवठा, स्वच्छता, सार्वजनिक आरोग्य, प्राथमिक शिक्षण या बाबी अकराव्या अनुसूचीतील २९ आणि बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत कमीअधिक प्रमाणात विभागल्या आहेत. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि ७४ वी १ जून १९९३ रोजी अमलात आली, तेव्हापासून या विषयांचा भार पंचायती व नगरपालिका यांच्याकडे टप्प्याटप्प्याने आला. तात्पर्य, येण्याचा हक्क घटनेने दिला, त्याविषयीचा कायदा संसदेने करावयाचा आणि आलेल्यांच्या दैनंदिन गरजा मात्र गावाने भागवावयाच्या, अशी ही विभागणी आहे.

काही कायद्यांनी ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत सोपविलेली आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल याची काळजी घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. अर्थात, कर्तव्य सोपविले म्हणजे त्यासाठीचा निधीही सोपविला असे होत नाही.

निधीसाठी घटनेने दोन मार्ग दिले आहेत. कलम २४३-आय व २४३-वाय यांनुसार राज्यपाल दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमतात आणि तो राज्याच्या उत्पन्नातील स्थानिक संस्थांचा वाटा सुचवितो. कलम २८०(३) च्या खंड (बीबी) व (सी) यांनुसार केंद्रीय वित्त आयोग पंचायती व नगरपालिकांच्या साधनसंपत्तीला पूरक ठरतील असे उपाय सुचवितो. दोन्ही मार्गांनी येणाऱ्या निधीच्या वाटपात लोकसंख्या हा प्रमुख निकष असतो.

लोकसंख्या म्हणजे कोणती लोकसंख्या?

घटनेच्या नवव्या व नवव्या-अ भागांत ‘लोकसंख्या’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. ज्या जनगणनेची संबंधित आकडेवारी प्रसिद्ध झाली आहे, अशा लगतच्या मागील जनगणनेत निश्चित झालेली लोकसंख्या, असा तिचा आशय आहे. म्हणजे गावात आज राहणारी माणसे आणि कायद्याच्या दृष्टीने गावाची लोकसंख्या या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

दहाव्या वित्त आयोगाने प्रथमच स्थानिक संस्थांसाठी अनुदानाची शिफारस केली. ग्रामीण भागासाठी ती दरडोई १०० रुपये होती आणि तिचा हिशेब १९७१ च्या जनगणनेवर आधारलेला होता. हे अनुदान नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वाटण्यात आले. म्हणजे आधारभूत आकडा सुमारे पाव शतक जुना होता. पुढे अनुदानाची रक्कम वाढत गेली. बाराव्या आयोगाने २००५-१० साठी पंचायतींना २०,००० कोटी व नगरपालिकांना ५,००० कोटी रुपये सुचविले. चौदाव्या आयोगाने २०१५-२० साठी २,८७,४३६ कोटी, तर पंधराव्या आयोगाने २०२१-२६ साठी ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली. शेवटच्या रकमेत ग्रामीण संस्थांसाठी २,३६,८०५ कोटी, नागरी संस्थांसाठी १,२१,०५५ कोटी आणि स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपये होते. राज्याराज्यांमधील वाटपात लोकसंख्येला ९० टक्के व क्षेत्रफळाला १० टक्के भारांक होता आणि लोकसंख्या २०११ ची धरलेली होती.

२०२१ ची नियोजित जनगणना कोविड साथीमुळे लांबणीवर पडली. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि बहुतांश देशासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविण्यात आली. तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वरील व्याख्येप्रमाणे २०११ चाच आकडा अधिकृत राहतो.

मात्र नव्या जनगणनेने हा प्रश्न आपोआप सुटेल असे समजणे चुकीचे ठरेल. २०११ मध्ये लोकसंख्येची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात जो आपल्या घरापासून दूर असेल, त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे करावयाची, अशी पद्धत आहे. पापनाशम परिसरात लावणी होते ती जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान. फेब्रुवारीत लावणीच्या टोळ्या तेथे नसतात. त्यामुळे त्या त्रिभुज प्रदेशातील कोणत्याच गावाच्या लोकसंख्येत येत नाहीत. महाराष्ट्रातील ऊसतोड मजुरांचे नेमके उलट होते. गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. फेब्रुवारीत बीड जिल्ह्यातील कुटुंब सांगली किंवा कोल्हापूरच्या उसाच्या फडात असते. प्रगणक त्याच्या कोपीपर्यंत पोहोचला, तर त्याची नोंद कारखान्याच्या परिसरात होईल. न पोहोचला, तर ते दोन्हीकडच्या मोजणीतून निसटण्याचा धोका असतो. यावरून असे दिसते की, जनगणना किती जुनी आहे याइतकेच ती वर्षाच्या कोणत्या महिन्यात होते यालाही महत्त्व आहे.

एक काल्पनिक हिशेब

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावाची अधिकृत लोकसंख्या १०,००० आहे आणि त्याला दरडोई ८०० रुपयांप्रमाणे वर्षाला ८० लाख रुपये अनुदान मिळते. हंगामात तेथे १,५०० माणसे येतात. त्या काळात सेवा घेणारे ११,५०० होतात, परंतु रक्कम ८० लाखच राहते; म्हणजे दरडोई उपलब्धता सुमारे ६९६ रुपयांवर येते. पाण्याची टाकी, घंटागाडी, परिचारिका यांची संख्या तीच असते. ताण सर्वांवर पडतो. पण तो सर्वांत आधी नवागतांवर पडतो. पाणी अपुरे पडले की बाहेरून आलेल्यांना नळावर शेवटी उभे राहावे लागते. तेथील मतदारयादीत त्यांचे नाव नसल्यामुळे तक्रारीलाही वजन नसते.

आता त्यांच्या मूळ गावाचा विचार करू. तेथून सहा महिन्यांसाठी ६०० माणसे बाहेर गेली, म्हणून त्या गावाचे अनुदान कापावे काय? तसे करणे अन्यायाचे होईल. वृद्ध आई-वडील व काही मुले गावातच असतात, घरे व रस्ते तेथेच असतात आणि गेलेली माणसे उरलेले सहा महिने परत येऊन राहतात. ६०० माणसे सहा महिने म्हणजे ३,६०० ‘मानव-महिने’ होतात. वर्षाच्या हिशेबात ते ३०० माणसांच्या बरोबरीचे आहेत. मूळ गावाचे अनुदान कायम ठेवून या ३०० माणसांइतका पूरक निधी आगमनाच्या गावाला देणे हा न्याय्य मार्ग ठरतो. हंगामी स्थलांतरितांचा हिशेब डोकी मोजून पुरेसा होत नाही. मुक्कामाचे महिनेही मोजावे लागतात.

करांच्या उत्पन्नाची बाजू

नवागत माणसे खर्च वाढवितात तसे उत्पन्नही वाढवितात, असा एक युक्तिवाद केला जातो. तो कितपत खरा आहे, हे कोणता कर कोणाकडे जातो यावर अवलंबून असते.

या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. येथील महानगरपालिकांचा मोठा आधार जकात होता. जकात शहरात येणाऱ्या मालावर होती. त्यामुळे माणसे वाढली, खप वाढला की महापालिकेचे उत्पन्नही वाढत असे. मुंबईखेरीज इतर महापालिकांत जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये तोही बहुतांश व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताना संपली. त्यानंतर २०१७ च्या अधिनियमानुसार राज्य शासन महापालिकांना नुकसानभरपाई देते. २०१६-१७ हे आधारभूत वर्ष धरून तीत दरवर्षी चक्रवाढ पद्धतीने ८ टक्के वाढ केली जाते. या व्यवस्थेने उत्पन्नात निश्चितता आली आणि नाक्यांवरील खोळंबा संपला. परंतु शहरात किती माणसे आली याचा त्या ८ टक्क्यांशी काही संबंध उरला नाही.

दुसरे उदाहरण व्यवसायकराचे. कलम २७६ नुसार त्याची कमाल मर्यादा व्यक्तीमागे वर्षाला २,५०० रुपये आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या अधिनियमाने हा कर राज्य शासन वसूल करते आणि त्याचा संबंध रोजगार हमी योजनेशी जोडण्यात आला. तामिळनाडूत मात्र हाच कर स्थानिक संस्था स्वतः वसूल करतात. तेव्हा नवा कारखाना किंवा नवे कार्यालय आले की पापनाशमसारख्या नगरपंचायतीच्या उत्पन्नात थेट भर पडू शकते. तथापि, सहामाही उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांना तेथे हा कर लागू होत नाही आणि रोजंदारीवरच्या टोळ्यांची नोंद ठेवणारी कोणतीही आस्थापनाही नसते. मालमत्ता कर, पाणीपट्टी व बाजार फी यांत नवागतांचा वाटा अप्रत्यक्ष असतो. म्हणजे ज्या स्थलांतरितांना सार्वजनिक सेवांची गरज सर्वाधिक, त्यांच्याकडून स्थानिक कर सर्वांत कमी मिळतो. म्हणून अनुदानाला पर्याय राहत नाही.

माणसामागे जाणारा निधी

निधी माणसामागे जाऊ शकतो, याचे देशातील मोठे उदाहरण म्हणजे ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र प्रदेश-तेलंगण आणि गुजरात-महाराष्ट्र या दोन जोड्यांत तिचा प्रारंभ झाला. तामिळनाडू ऑक्टोबर २०२० मध्ये तीत सामील झाले आणि जून २०२२ पर्यंत सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेश तिच्या कक्षेत आले. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाखालील लाभार्थी देशातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून आपला धान्याचा वाटा घेऊ शकतो. धान्याच्या अनुदानाचा भार मुख्यतः केंद्रावर असल्यामुळे, बंगालच्या मजुराने तंजावूर जिल्ह्यात धान्य उचलले तरी पापनाशमच्या तिजोरीवर त्याचा बोजा पडत नाही. अंगणवाडीच्या लाभार्थ्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’मध्येही स्थलांतरानंतर नोंद दुसऱ्या केंद्राकडे वळविण्याची सोय आहे. पाणी, गटार व दिवाबत्ती या सेवा मात्र व्यक्तीच्या नावे मोजून देता येत नाहीत. त्या गावालाच पुरवाव्या लागतात आणि म्हणून त्यांचा निधीही गावालाच मिळावा लागतो.

दुसरा मार्ग स्थलांतरितांच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या उद्योगाकडून वर्गणी घेण्याचा. महाराष्ट्रातील लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये आणि राज्य शासनाकडून तितकीच रक्कम, अशी तरतूद करण्यात आली. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही २०२१ मध्ये हाती घेण्यात आली. यात निधीचा पाया गाळप हा असल्यामुळे काम वाढते तसा निधी वाढतो. बांधकाम क्षेत्रात १९९६ च्या कायद्यांनी बांधकाम खर्चाच्या किमान १ टक्का उपकराची पद्धत याच विचाराने आणली.

परंतु हा मार्ग सर्वत्र चालत नाही. कारखान्याला वजनकाटा असतो. लहान शेतकऱ्याच्या बांधावर तो नसतो. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असणाऱ्या आस्थापनांना व कंत्राटदारांना लागू होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत स्वतःहून आलेल्या कामगाराचाही व्याख्येत समावेश झाला, ही जमेची बाजू आहे; परंतु स्थलांतरितांविषयीच्या तरतुदींसाठी आस्थापनेत किमान दहा आंतरराज्य कामगार असावे लागतात. दोन एकरांच्या लावणीसाठी चार दिवस आलेली टोळी या चौकटीत बसविणे कठीण आहे. अशा ठिकाणी सार्वजनिक निधी हाच खरा आधार राहतो.

हा विचार तंजावूरला नवीन नाही. तेथील मराठा राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली. छत्रांना गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते आणि त्यातून वाटसरूंच्या जेवणाचा व मुक्कामाचा खर्च भागत असे. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील आहे. यात्रेकरू कोणत्या प्रांतातून आला, याचा विचार न करता त्याच्या गरजेची तजवीज मुळातच केलेली होती.

अन्य देशांचे अनुभव

ब्रिटनमध्ये २००९ साली स्थलांतरामुळे स्थानिक सेवांवर पडणाऱ्या ताणासाठी एक स्वतंत्र निधी उभारण्यात आला. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांच्या प्रवेशपत्र शुल्कावरील अधिभारातून तो उभा राहिला. परंतु २०१० मध्ये सरकार बदलताच तो बंद झाला. चीनमध्ये घरनोंदणीच्या ‘हुकोउ’ पद्धतीमुळे शहरात आलेल्या ग्रामीण कामगारांना अनेक सेवा नाकारल्या जात. २०१६ मध्ये तेथील शासनाने स्थानिक सरकारांना मिळणारा निधी स्थायिक करून घेतलेल्या स्थलांतरितांच्या संख्येशी जोडण्याचे धोरण जाहीर केले. यांतून दोन धडे मिळतात. स्वतंत्र निधी राजकीय बदलात सहज बंद होऊ शकतो; सूत्रातच अंतर्भूत केलेला वाटा अधिक टिकाऊ असतो.

पुढील दिशा

पहिली गरज मोजणीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात असंघटित व स्थलांतरित कामगारांच्या नोंदणीवर भर दिला. त्याच वर्षी २६ ऑगस्टला ‘ई-श्रम’ पोर्टल सुरू झाले. त्याला गाव पातळीवरील हंगामी नोंदवहीची जोड हवी. आशा, अंगणवाडी सेविका व ग्रामपंचायत कर्मचारी यांनी महिन्यातून एकदा आगमनाची व प्रस्थानाची नोंद केली, तर मानव-महिन्यांचा हिशेब उपलब्ध होऊ शकेल. ही नोंद सेवा देण्यासाठी आहे, पाळत ठेवण्यासाठी नाही, हा विश्वास निर्माण होणे मात्र आवश्यक आहे.

दुसरी गरज सूत्रात बदलाची आहे. केंद्रीय अनुदानाचा पाया जनगणना राहिला, तरी राज्य वित्त आयोगांना राज्यांतर्गत वाटपात हंगामी आगमनासाठी लहानसा पण निश्चित भारांक ठेवता येईल. त्यासाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही.

तिसरी गोष्ट आज हातात असलेल्या निधीची. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामीण अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील होती. नवागतांची पहिली गरज नेमकी हीच असते. लावणीच्या मोसमात टोळ्या कोठे उतरतात हे ग्रामपंचायतीला ठाऊक असते. त्या जागी एक नळ आणि शौचालयांची एक रांग विकास आराखड्यात घेतली, तर ती बारमाही उपयोगाची मालमत्ता होते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक आपल्या पूर्वीच्या वास्तव्याच्या ठिकाणाहून अन्यत्र राहत होते. त्यांत विवाहानिमित्त स्थलांतर केलेल्या स्त्रियांची संख्या मोठी असली, तरी कामासाठी फिरणाऱ्यांची संख्याही लहान नाही. आर्थिक पाहणी २०१६-१७ ने दरवर्षी सरासरी सुमारे ९० लाख लोक आंतरराज्य स्थलांतर करतात, असा अंदाज वर्तविला होता. या लोकांचे श्रम शेताला, कारखान्याला आणि शहराला हवे आहेत. ते जेथे राबतात तेथील गावाला त्यांच्यासाठी खर्च करण्याची ऐपत देणे, हा विकेंद्रीकरणाचा अपुरा राहिलेला भाग आहे. सोळाव्या वित्त आयोगाचा कालखंड २०२६-२७ ते २०३०-३१ असा आहे आणि याच काळात नव्या जनगणनेचे आकडे हाती येतील. मानव-महिन्यांची नोंद राज्यांनी आतापासून सुरू केली, तरच फेब्रुवारीच्या गणनेतून सुटणारा पापनाशमच्या शिवारातील लावणीचा मजूर पुढील निधिवाटपाच्या सूत्रात मोजला जाईल.